झुलीला पाडलेल्या खिडक्या

फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यात लालीबाईंइतकी गाणी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. होळीची लेंगी, लग्नातली गाणी, आणि बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशोदेशी हिंडणाऱ्या जुन्या माणसांची लदेणीची गाणी, सगळी त्यांच्या तोंडपाठ होती. ती आपल्या कॉम्प्युटरवर नीट रेकॉर्ड करून ठेवावीत, हे त्यांची सून जया हिनं मनावर घेतलं होतं. "माह्या गाण्यात काय हाय?" म्हणत लालीबाईंनी दिवाळीपासून तिला झुलवलं. शेवटी माघ सरता सरता एका सकाळी त्या अंघोळ करून, ठेवणीतली काचांची कांचळी घालून आपण होऊनच जयाच्या खोलीत येऊन बसल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "मन फिरायच्या आत घे."

जयानं धावत जाऊन माईक लावला. लालीबाईंनी डोळे मिटले, सूर धरला आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या. कॉम्प्युटरचा पंखा घोंऽऽ करून फिरायला लागला होता.

"हा तुहा डबा माह्या संगं गाते काय वं?"

"नाई याडी, गरम झाला थो. थांबा जरासं." बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि जया सासूलाही तेच म्हणायची.

थांबून काही उपयोग झाला नाही. पुन्हा सूर, पुन्हा घोंऽऽ. तिसऱ्या वेळी तर पंखा एवढा चढला की दावणीची म्हैस रेकल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ पडदा काळा झाला. कॉम्प्युटर बंद.

"झालं याचं गाणं," लालीबाई उठल्या. "आता माहं उद्या पाहू."

जयाला रडूच यायचं बाकी राहिलं. फोनवर रेकॉर्ड करून झालं होतं, पण त्यात आवाज माठातून आल्यासारखा यायचा. हा माईक तिनं लोकांचे अर्ज भरून साठवलेल्या पैशातून मागवला होता, आणि तो कॉम्प्युटरलाच जोडावा लागायचा. कॉम्प्युटर जोडला होता तिच्या नवऱ्यानं, शामनं. नागपूरहून सुटे भाग आणून, व्हिडिओ पाहून, एकेक स्क्रू स्वतः पिळून. त्याचा त्याला फार अभिमान होता.

दुपारी शाम वावरातून आला तेव्हा जया आकड्यांकडे पाहत बसली होती. प्रोसेसर किती तापला ते दाखवणारा छोटा प्रोग्राम तिनं टाकून घेतला होता.

"नुसता चालू करून ठेवला तरी अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "काम केलं का शंभराच्या घरात जाते आन् बंद पडते."

"माह्या जोडणीत खोट नाई."

"मी खोट कोठी काढून राह्यली? खोलून तर पाहू."

दोघांनी कॅबिनेट अंगणात खाटेवर नेऊन आडवं केलं. बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनिअमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा. त्या पात्यांत बोटभर जाडीची रुई भरली होती. दिवाळीनंतर महिनाभर कापूस याच खोलीत रचला होता. वर तुरीच्या खळ्याची धूळ बसून त्या रुईचा नमदा झाला होता.

"एवढ्यात पोराची टोपडी होईन," जया म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

पंख्याची पाती बोटानं धरून, रंगाच्या कोऱ्या ब्रशनं, हलक्या हातानं सगळी रुई निघाली. ठोकळा उचलला तर खालची पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत नेण्याचं काम त्या पेस्टचं. शाम मोटरसायकल काढून पुसदला गेला आणि दिवेलागणीच्या आत नवी नळी घेऊन आला. जुनी पेस्ट पुसून त्यांनी तुरीच्या दाण्याएवढा नवा ठिपका टाकला, ठोकळा बसवला, मशीन सुरू केली.

सत्तर. बरं होतं, पण पुरेसं नव्हतं. पंखा अजून गुणगुणतच होता.

जयाला काय सुचलं कोण जाणे, तिनं देवापुढची उदबत्ती आणली. कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यासमोर धरली तर धूर आत ओढला गेला. मग मागच्या पंख्याजवळ धरली. तिथंही धूर आतच गेला.

"हे काय? मागून बी आत?"

शामनं कान खाजवला. "मंग? दोनीकडून थंडी हवा आत गेली तर जास्त थंडं राहीन ना."

"आन् गरम हवेनं जायचं कोठून? तिले दार तर पाह्यजे."

शामनं त्या धुराकडे पाहिलं. मग त्यानं पेचकस घेतला, मागचा पंखा सोडवला, उलटा केला आणि पुन्हा आवळला. या खेपेला उदबत्ती पुढं धरली की धूर आत जायचा आणि मागून तापलेली हवा भसाभसा बाहेर यायची. आकडा खाली खाली येत पंचावन्नवर थांबला. आणि पंखा? जयानं कान लावून ऐकलं. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकू येत होती.

"म्हण ना, शाम्या चुकला म्हणून," शाम म्हणाला.

"शाम्यानं सुधरवलं म्हणते," जया म्हणाली, आणि तो गडी उगाचच लाजला.

आनंद काही फार टिकला नाही. मशीन जागेवर गेली तशा लालीबाई आल्या आणि त्यांनी मोठ्या मायेनं तिच्यावर झूल पांघरली.

ही झूल म्हणजे लालीबाईंनी पावसाळ्यात दोन महिने बसून शिवलेलं कॉम्प्युटरचं पांघरूण. लाल-निळा कशिदा, काठाला कवड्या, मध्ये बारीक बारीक काचा. सुनेच्या मशीनला धूळ लागू नये, नजर लागू नये म्हणून केलेली. जाड दुहेरी कापडाची ती झूल पुढचा पंखाही झाकायची आणि मागचाही. लालीबाई बाहेर जाताच जयानं आकडा पाहिला. साठ. अडुसष्ट. शहात्तर.

"याडीले सांगून टाक," शाम कुजबुजला.

"तुमी सांगा. तुमची याडी हाय."

"तुही सासू हाय."

कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी जयानं झूल घडी करून पेटीत ठेवली. पण लालीबाई गायला आल्या तशा आधी पेटीशीच गेल्या. शुभ कामाला मशीन उघडीनागडी कशी ठेवायची? त्यांनी झूल चढवली, चारी बाजूंनी ओढून नीट केली आणि गायला बसल्या. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याला पंखा गुणगुणू लागला. तिसऱ्याला लालीबाई थांबल्या, उठल्या आणि मशीनच्या मागं हात घालून तशाच उभ्या राहिल्या.

"जया, झूल गरम लागून राह्यली."

जयानं रेकॉर्डिंग थांबवलं.

"हे मशीन इथून श्वास घेते ना? आन् म्या त्याचं नाकच बांधलं." त्या वळल्या. "तुले माहीत होतं?"

"कालपासून, याडी. तुमी दोन महिने डोळे फोडून शिवली ते. मले सांगवलं नाई."

लालीबाईंचा चेहरा जरा वेळ कठीण झाला. "झुलीचं मले काई नाई वाटलं. पण घरात सासूले भ्यायला लागली का तू? एवढी का वाईट हाव मी?"

"नाई वो याडी!" जयानं त्यांचा हात धरला.

"मंग आण कैची." लालीबाई खाली बसल्या. "अवं, आमच्या सासऱ्याच्या बैलायले तोंडावर कशिद्याच्या पट्ट्या राहत. पण नाकपुडी कोणी झाकत नव्हतं. मलेच कसं सुचलं नाई?"

"कापू नका, बाजूले ठेवू ना."

"टाके म्या घातले, मीच उसवन. तू आकडा वाच."

मग जी काही गंमत सुरू झाली ती शेजारच्या भुरीबाई दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. लालीबाईंनी पुढून चौकोन कापला. "किती?" "एक्काहत्तर!" मागून कापला. "आता?" "चौसष्ट!" वरच्या जाळीवरचं कापड काढलं. "सांग!" "सत्तावन, याडी!" भुरीबाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण आकडा उतरतोय म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लालीबाईंनी तिथंच बसून खिडक्यांच्या कडा दुमडल्या आणि पिवळ्या दोऱ्यानं टीप घातली. झूल आधीपेक्षा देखणी दिसायला लागली.

मग त्यांनी पाणी पिऊन लदेणीचं गाणं धरलं. मिठाच्या गोण्या, बैलांच्या घंटा, मुक्कामावर पेटलेल्या चुली, मागं राहिलेल्या लेकीची आठवण. बारा कडवी, एका दमात. खोलीत दुसरा आवाज नव्हता. भुरीबाई चौकटीला टेकून डोळे पुसत होत्या. गाणं संपलं तरी जयाला बटण दाबायचं सुचलं नाही, म्हणून शेवटी लालीबाईंचं "झालं का वं?" हेही रेकॉर्ड झालं. ते तिनं तसंच ठेवलं.

संध्याकाळी तिनं ते गाणं पांढरकवड्याला, लालीबाईंच्या थोरल्या बहिणीला, बसंतीबाईंना पाठवलं. अर्ध्या तासात फोन आला. जयानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आवाज गोड हाय," बसंतीबाई म्हणाल्या. "पण पाचवं कडवं चुकली लाली. तिथं पहिले नदी येते, मंग घाट."

"मी चुकली?" लालीबाई खाटेवरून ताडकन उठल्या. "पहिले घाट! लहानपणापासून घाट!"

"नदी!"

"तू ये मंग इथं! ये आन् गाऊन दाखव!"

"येतो ना! रविवारच्या गाडीनं येतो. चार जणी घेऊन येतो. जया, मशीन थंडी ठेव वं, लय गाणी हायेत माह्यापाशी!"

फोन ठेवताना लालीबाईंचा चेहरा रागानं लाल आणि आनंदानं फुललेला, दोन्ही एकाच वेळी होता. रविवारी पाच बायांना काय रांधायचं यावर त्यांनी तिथल्या तिथं शामला तीन कामं सांगितली. तो पिशवी घेऊन बाहेर पडल्यावर त्या हळूच जयाजवळ सरकल्या.

"पाचवं कडवं लाव बरं पुन्हा."

जयानं लावलं. लालीबाई मान हलवत, ओठांत पुटपुटत ऐकत राहिल्या. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"नदीच हाय पहिले," त्या म्हणाल्या. "पण तिले आताच सांगू नको. येऊ दे तिले."