चांगला फेज

बोरन्हाण संध्याकाळी होतं, आणि भरदुपारी पवनचक्की पुन्हा बंद पडली. प्राजक्ताने कपाळावर हात मारला. अंजनगाव सुर्जीपलीकडच्या या टेकडीवरून वेळेत अमरावती गाठायची, तर तासाभरात निघायलाच हवं. पण बंद चक्की सोडून इंजिनीअरने टेकडी उतरायची नाही, असा कंपनीचा नियम.

घरी एक वर्षाची लेक मैथिली काळं झबलं घालून बसली असेल. अंगावर हलव्याचे दागिने. त्यातला एखादा दाणा घशात अडकला तर? तिने पुन्हा सासूबाईंना फोन लावला.

"अवं, तीन लेकरं वाढवली म्या," सासूबाई करवादल्या. "तू तुह्या पंख्याकडे पाय."

पंख्याकडेच तर ती पाहत होती. लाल, पिवळा, निळा, या तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं असलं की जनरेटर मुकाट फिरतो. एखादा फेज खचला की तापलेल्या पोरासारखा थरथरतो, आणि फारच थरथरला की बंद होतो. नवल हे, की खचणारा फेज दर वेळी वेगळा!

तिने कंट्रोलमध्ये नवी सेटिंग टाकली: वीज थोडी कमी दे, पण थरथर आवर. पाती फिरू लागली. तेवढ्यात मागे ऑपरेटर चंद्रभानकाका फोनवर बोलले, "लाल पडला रे बंडू, आता निळा चांगला हाय. सांग गावाले."

प्राजक्ता गर्रकन वळली. "काका, कोणाला काय सांगता?"

"आपल्याच लाइनीवरच्या खालच्या गावचा बंडू. रोज इचारते, चांगला फेज कोनता. हरभऱ्याले पानी द्याचं रायते ना. मंग समदे आपापल्या मोटरी त्याच फेजवर घेते."

"सगळे?"

"समदे!" काका ऐटीत म्हणाले. तोच स्क्रीनवर निळा आकडा घसरू लागला, आणि त्यांचा चेहराही. "अरे बापा! म्हंजे आपुनच सांगतो, अन् समद्यांच्या भारानं तोच खचते?"

हसावं की रडावं, प्राजक्ताला कळेना. तिने फोन ओढून घेतला. "बंडूभाऊ, नदीकडच्या मोटरी लालवर घ्या, शाळेकडच्या पिवळ्यावर, बाकीच्या निळ्यावर."

"पन ताई, चांगला कोनता?"

"वाटून घेतलं तर तिन्ही."

"अन् शाळेकडचे बदमाश निळ्यावर सरकले त?"

"तर पोरीला घेऊन तुमच्याकडेच राहायला येते. मला घरी जाता येणार नाही ना!"

पलीकडे हशा पिकला. हळूहळू तिन्ही आकडे जवळ आले. थोडा फरक उरलाच, शाळेकडचं कोणीतरी सरकलं असावं. पण तेवढं नव्या सेटिंगने पोटात घातलं. जनरेटर शांत फिरत राहिला.

"जाय बाई आता," काका म्हणाले.

"बंडूचा फोन आला तर?"

"सांगतो, तिन्ही सारखेच बेकार हायेत."

ती पोचली तेव्हा मैथिली पाटावर बसली होती. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, चॉकलेटं ओतली. गल्लीतली झाडून सारी पोरं चॉकलेटं पडली त्या एकाच बाजूला तुटून पडली. पाट कलला. प्राजक्ताने लेकीला अलगद उचललं, तिच्या तोंडातलं बोर काढलं आणि ओरडली, "अरे, वाटून उभे राहा! तू इकडे, तू तिकडे!"

"हे काय वं नवीन?" सासूबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायचं, तर तिला हसूच आवरेना.