दहा टॅब, कोरे करकरीत

नूतन मॅडमनी सहाव्या टॅबचं बटण दाबून धरलं. पडदा काळाच राहिला.

"गुरुजी, हाऊ बी चालू व्हई नही ऱ्हायना."

"अजून जरासा दाबी धरा मॅडम," हेमकांत गुरुजी म्हणाले. दोघंही शहाद्याकडची, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की त्यांची अहिराणी मोकळी सुटायची.

आता सुट्टीच होती. मे महिना संपत आला होता आणि अक्कलकुव्याच्या वर डोंगरातल्या या शाळेत अकरा वर्षं काढून गुरुजी उद्या निवृत्त होणार होते. म्हणून शाळेची एकेक वस्तू मोजून मॅडमच्या ताब्यात देणं चाललं होतं. नकाशे, सतरंज्या, खिचडीची पातेली, सगळं जागच्या जागी होतं. टॅबसुद्धा दहाच्या दहा. पडद्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा आणि चार्जिंगच्या खाचेवरचं सीलही निघालं नव्हतं. फक्त त्यातला एकही जिवंत नव्हता आणि दोन टॅबची तर पाठ फुगून वर आली होती.

"बॅटरी मरी गई यास्नी," मॅडम म्हणाल्या. "सात वरीसमा एकदाव बी चार्जिंगले लाया नहीत का?"

"लावाले गयू ते सील तुटतं ना."

मॅडमनी टॅब खाली ठेवला.

आता गुरुजींना दोष तरी किती द्यायचा? त्यांच्या पहिल्या शाळेतला टीव्ही चोरीला गेला होता. कारणे दाखवा नोटीस आली, दीड वर्ष चौकशीचे खेटे घातले, गावात नाही नाही ते बोललं गेलं. त्या माणसाने धसकाच घेतला. टॅब आले तेव्हा घेऊन येणारा साहेब सांगत होता, धडे आतच भरलेत, रेंजची गरज नाही, ऊसतोडीला जाणारी मुलं बरोबर नेतील. गुरुजींनी मान डोलावली आणि साहेबाची जीप वळणाआड गेल्यावर कपाटाला दुसरं कुलूप घातलं. मग दर शनिवारी मऊ फडक्याने टॅब पुसायचे, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. कसली ती माया!

त्याच वर्षी दिवाळीनंतर दलसिंगची सुनिता दारात येऊन उभी राहिली होती. सहावीतली पोर, गणितात एक नंबर. सगळं घर ऊस तोडायला गुजरातेत निघालं होतं.

"एक द्या ना गुरुजी. होळीला परत आणते."

मागे दलसिंग उभा होता. "हरवला तर बकरी देतो गुरुजी," तो म्हणाला.

"सरकारी वस्तू आहे," गुरुजी म्हणाले होते. "गावाबाहेर जात नाही."

त्याऐवजी त्यांनी तिला दोन कोऱ्या वह्या दिल्या. होळीला सुनिता परतली ती अपूर्णांक पार विसरून. पुढचं वर्ष ती वर्गात मागे बसली. त्याच्या पुढच्या वर्षी आलीच नाही.

"सुस्थितीत लिखी टाका," मॅडम हळूच म्हणाल्या. "कोन दखाले ई ऱ्हायनं? तुमनं पेन्शन अटकाले नको."

गुरुजींनी पेन उचलला. आयुष्यभर या माणसाने शेरे लिहिले, पण आज हात चालेना. शेवटी त्यांनी दहाही टॅबपुढे 'बंद' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वापरले नाहीत.' खाली सही केली आणि चपला घालून पाड्याकडे चालू लागले.

सुनिता माहेरी आली होती. अंगणात बसून ती आमचुरासाठी कैऱ्या सोलत होती. एकोणीस वर्षांची बाई, यंदाही दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी. दलसिंगने गुरुजींना पाहून हात जोडले.

"गुरुजी, तुम्ही होता म्हणून शाळेची एक वस्तू गेली नाही," तो म्हणाला. "बाकीच्या शाळांतून सगळं गेलं."

गुरुजींना वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते सुनिताजवळ जाऊन उभे राहिले.

"पोरी, तू टॅब मागितला होतास. द्यायला हवा होता मी. माझं चुकलं."

सुनिताचा हात थांबला नाही. कैरीची साल लांब निघत गेली.

"त्यात गणित होतं का, गुरुजी?"

"असेल," गुरुजी म्हणाले. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी कधी चालू करून बघितलाच नाही."

आता मात्र तिने मान वर केली.

"तुम्ही पण नाही?"

गुरुजींनी मान हलवली. सुनिताने खाटेवर वाळत घातलेल्या फोडी एका बाजूला सारल्या आणि म्हणाली, "बसा गुरुजी."