व्याह्यांचा घोडा आणि सुनेचं खेचर

या जगात घडलेलं काहीही नष्ट होत नाही, ते कुठे ना कुठे साठून राहतंच, असं मी एके सकाळी चहाचा वाडगा हातात धरून जाहीर केलं. जन्मभर विनोदी मासिकात लिहिल्यामुळे माझ्या गंभीर विधानांना घरात कोणी दाद देत नाही. त्या दिवशी मात्र सुनेने मान वर केली.

"माझा घोडा नष्ट झालाय, बाबा," ती म्हणाली. "शेपटीसकट."

नुरझादा घरी बसून संगणकावरचा एक खेळ तयार करत होती. त्यात एक मुलगी हरवलेल्या घोड्याचा माग काढत डोंगर ओलांडते. बिश्केकमध्ये हिवाळा लागला की वीज जाते, तशी आदल्या संध्याकाळी गेली. वीज परत आली, संगणकाची डिस्क आली नाही. खेळातला घोडा आता खरोखरच हरवला होता.

"जपून ठेवला नव्हतास कुठे?"

"होता ना. 'शेवटचा', 'खरंच शेवटचा' आणि 'आता शप्पथ शेवटचा' अशा तीन फोल्डरांत. तिन्ही त्याच डिस्कवर."

पुन्हा एकदा सगळं करून बघते, ती म्हणाली, पण या वेळी घरात एक सर्व्हर हवा, केलेला प्रत्येक बदल निराळा सांभाळणारा. आणि पुन्हा गेलं, तर खेळ कायमचा बंद. कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी तयार आहे.

"तिथे दुपारचं जेवण फुकट असतं म्हणे," माझी बायको सायराकान म्हणाली. सांत्वन करण्याची तिची ही पद्धत आहे.

यंत्र कसं हवं, हेही नुरझादाने सांगितलं. फार हुशार नको. पोट मोठं हवं, कारण खेळाचा मजकूर हलका असतो, जागा खातात ती चित्रं आणि खिंकाळ्या. डिस्क दोन हव्यात, दोन्हींवर तेच; एक मेली तर दुसरी बोलेल. वीज कमी पिणारं, आवाज न करणारं, सोबत एक बॅटरी. "एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेलं जुनं यंत्रही चालेल," ती म्हणाली. हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी मर्यादा ती पाळते.

मग मी एक चूक केली. डोंगरातल्या नरीन गावी फोन करून व्याह्यांना ही हकिकत सांगितली.

व्याही कालमुरझा पिढीजात घोडे पाळणारे. पोरीच्या घोड्यासाठी यंत्र हवंय, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि घोडा निवडावा तसं त्यांनी यंत्र निवडलं: छाती, वजन आणि आवाज पाहून. कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतलं ते धूड मेंढ्यांच्या ट्रकमधून आलं. उतरवायला शेजारचे दोघे लागले.

"छाती बघा, व्याही, छाती!" कालमुरझांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या शहरात असलं जनावर पाहिलंय कोणी?"

चालू केलं तेव्हा ते असं गरजलं की मांजर घर सोडून गेलं, आणि वरच्या मजल्यावरची बाई विमान कुठे उतरलं ते विचारायला आली. पाठोपाठ फ्यूज उडाला. घरातले एक सोडून सगळे प्लग त्यात गेले. वायरमनने "उद्या येतो" म्हणून सांगितलं. तो शब्दावर ठाम आहे, आजही उद्याच येणार आहे.

व्याह्यांची भेट परत करणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. म्हणून ते धूड दारासमोरच्या मानाच्या जागी, गोधड्यांच्या थप्पीशेजारी विराजमान झालं आणि मी एक जागा खाली सरकलो. नुरझादाने मात्र गुपचूप बुटांच्या खोक्याएवढं एक जुनं यंत्र आणलं, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, सोबत बॅटरी जोडली आणि ते धुडाच्या आडोशाला ठेवलं. हिवाळाभर वीज येत-जात राहिली. खोकं कुरकुरलं नाही.

वसंतात, नवरोजच्या सणाला व्याही आले. पाहतात तर त्यांचं जनावर गोधडी पांघरून गप्प, आणि वर सायराकानने कणीक फुगायला ठेवलेली.

"माझा घोडा मेला?"

मी कामात असल्यासारखा सणाचे तळलेले बोरसोक खाऊ लागलो.

"मेला नाही, आबा," नुरझादा म्हणाली. "तो रोज राबणारा नव्हे. रविवारी खेचराला बॅटरीवर ठेवलं की उठतो, सगळ्याची एक जादा प्रत पोटात घेतो, परत झोपतो. उरलेले दिवस त्याच्या आडचं हे खेचर राबतं."

"म्हणजे शर्यतीचा!" व्याह्यांचा चेहरा उजळला. मग खोक्याकडे पाहून पुन्हा पडला. "पण तुझी सगळी मेहनत या एवढ्याशा खेचरावर?"

नुरझादाने चालत्या खोक्यातून एक डिस्क ओढून काढली आणि वडिलांच्या तळहातावर ठेवली. सायराकान किंचाळली. पडद्यावरचा घोडा खिंड चढतच राहिला.

मग ती पडद्यावर, जपून ठेवलेल्या एकेका बदलातून मागे मागे जाऊ लागली. कालचा घोडा, पापण्या असलेला. त्याआधीचा, पापण्या नसलेला. लंगडा. मागचे पाय पुढे टाकत धावणारा. पार तळाशी चार काड्यांवर ठेवलेली एक पेटी. प्रत्येकाला आपला बाप ठाऊक होता. वाटेत या वंशवृक्षाच्या एका बाजूच्या फांदीवर पंखांचा घोडा होता, तिने कधीच टाकून दिलेला. तोही तिथे शांतपणे उडत होता.

आमच्यात प्रत्येकाला सात पूर्वजांची नावं तोंडपाठ यावी लागतात. मी सहाव्यापाशी अडखळतो. हे खोकं शंभरांची वंशावळ न चुकता सांगत होतं, फसलेल्यांसकट, कोणाचीही लाज न बाळगता. संपादकांनी लाल पेन्सिलीने कापलेली माझी वाक्यं आठवली. ती कुठल्या फांदीवर उडत असतील?

"पंखवाल्यालासुद्धा ठेवलंस?" कालमुरझांनी हळूच डोक्यावरची पांढरी टोपी काढली. डिस्क त्यांनी अजून अंड्यासारखी धरली होती.

"टाकलेलंही ठेवायचं असतं, आबा. म्हणून तर टाकायची भीती वाटत नाही."

"आणि ते हिशेबखातं?"

"त्यांना कालच नकार कळवला."

मी घसा खाकरला. "या जगात घडलेलं काहीही..."

"सगळं खरं," सायराकान म्हणाली. "पण सूनबाई, चालू प्लग घरात हा एकच. जरा काढू का? किटली लावायचीय."