पिंगळ्याचं घर आणि सकीनाची मांडणी

भडगावला गिरणेच्या काठी द्रौपदाअक्काची लिंबांची बाग आहे. बागेच्या कोपऱ्यात विहीर, विहिरीवर वाकलेला कडुनिंब आणि जरा पलीकडे आंब्याचा एक बुंधा. मागच्या माघापर्यंत त्या बुंध्यावर झाड उभं होतं. अर्धं वाळलेलं, वारं सुटलं की मोटारीच्या खोलीवर फांद्या टाकणारं. अक्कानं असलमभाईला बोलावलं आणि म्हटलं, "झाड पाड. फळ्या तू लई जा."

असलमभाई गावातला जुना सुतार. दारं, पलंग, पाळणे. त्याचा रंधा फिरलेल्या लाकडावर माशी बसली तर घसरेल, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की तो खाली मान घालून हसायचा.

झाड आडवं झालं. फांद्या तोडून करवत खोडातल्या ढोलीपाशी आली, तेव्हा आतून ठिपक्यांची दोन पिसं उडाली. त्यानं करवत थांबवली. ढोलीत पिंगळ्याची, त्या लहानग्या घुबडाची, तीन अंडी होती. दोन फुटली होती, तिसरं अजून कोमट. ते त्यानं टोपीत ठेवलं, भोवती कापूस लावला, घरी नेऊन चुलीपासून हातभर अंतरावर टोपी मांडली. सकाळी अंडं गार झालं होतं. ही गोष्ट त्यानं फक्त बायकोला, सकीनाला सांगितली. सकीनानं टोपी धुऊन वाळत घातली.

पिंगळ्यांची जोडी मात्र गेली नाही. दिवस कलला की दोघं विजेच्या तारेवर येऊन बसायची, बरोबर बुंध्याच्या वर. माना खाली-वर करायची, जणू झाड कुठं ठेवलं ते आठवत नाहीये. अक्का मोटार बंद करता करता स्वतःशीच गुणगुणायची:

"आंबा तोडा बाई, सावली कोठे गयी
दोन पाखरेस्नी जोडी तारवर उनी"

असलमभाईला ते ऐकवत नसे. तरी सायकल रोज तिकडेच वळायची.

अमळनेरच्या कॉलेजात शिकवणारी संघमित्रा त्या वर्षी शिवारातली पाखरं मोजत होती. कोणत्या बागेत कोण राहतं, कोण नुसतं येऊन जातं, हे ती वहीत लिहायची. तारेवरची जोडी तिनं चार महिने पाहिली होती.

"या दोघांना ही जागा सोडवत नाही," ती म्हणाली. "उंदीर आहेत, नाकतोडे आहेत, बसायला तार आहे. फक्त ढोली नाही. माघ-फाल्गुनात अंडी घालतात. तोवर ढोली मिळाली नाही तर हेही वर्ष वाया जाईल."

"दुसरं झाड धुंडतीन," अक्का म्हणाली.

"कुठलं झाड, अक्का? सगळ्यांचे बांध साफ."

"मन्हा बांध तर बठ्ठा शिवारमा साफ शे." अक्कानं ऐटीत पदर सारखा केला.

असलमभाई बुंध्याकडे पाहत होता. "बेटा, ढोली नसली तर पेटी चालते का त्यांना?"

"चालते कधीकधी. पण पसंत पडावी लागते, चाचा."

"माझ्या हातचं काम नापसंत करणारं गिऱ्हाईक अजून यायचंय."

दिवाळी झाल्यावर त्यानं पेटी आणली. सागवानाची. कोपरे चुळीत, खाचेत खाच अडकवून बसवलेले, एक खिळा नाही. आतून-बाहेरून रंधा, मग पॉलिशपेपर, मग पॉलिशचे तीन हात. गोल दाराला बारीक नक्षी. वाटेवरून जाणाऱ्याला दिसावी म्हणून त्यानं ती कडुनिंबावर रस्त्याच्या अंगानं टांगली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हाई पिंगळानं घर शे का नवरदेवनं कपाट?"

"राहू दे अक्का. त्यांचंही काही देणं लागतो मी," असलमभाई एवढंच बोलला.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. एकदा मादी पेटीच्या काठावर बसली. आत डोकावली, मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं आणि परत तारेवर गेली. त्या दिवशी असलमभाई घरी जेवला नाही.

पौषात संघमित्रा पुन्हा आली. तिनं शिडी लावली, पेटीजवळ नाक नेलं, उतरली. "चाचा, तुम्ही चढा. हात आत घाला, आणि तळापासून दारापर्यंत नुसत्या नखांनी चढून या."

त्यानं बोटं आत सोडली. नखं रोवायला गेला. बोटं घसरली. पुन्हा रोवली, पुन्हा घसरली. चाळीस वर्षं ज्या गुळगुळीतपणाचे लोकांनी पैसे मोजले, तो आज त्याच्याच हाताखाली भिंतीसारखा उभा होता. त्यानं हात बाहेर काढला.

"पिल्लू तळाशी जन्मतं," ती खालून हळूच म्हणाली. "महिन्याभरानं ते दारापर्यंत चढतं. आणि पॉलिशचा वास अजून जात नाहीये."

"म्हणजे मी घर बांधलं आणि जिनाच विसरलो."

"दुसरी करा. रंधा लावू नका. आणि तोंड रस्त्याकडे नको, तारेकडे करा. ती दोघं तिथूनच घर बघतात."

मग ती अक्काकडे वळली. "अक्का, कडुनिंबाखालचा हातभर बांध तेवढा गवताचा राहू द्या. त्यांचं खाणं त्यातच राहतं."

"लोके म्हनतीन, द्रौपदा म्हातारी व्हयनी, आते तिनाघाई निंदनं व्हत नही." अक्कानं निंदणीचं खुरपं खाली ठेवलं. "म्हनू दे."

रंधा न लावणं एवढंच काम होतं. पण असलमभाईच्या हाताला ते जमेना. फळी समोर आली की रंधा आपोआप फिरायचा. शेवटी त्यानं गुळगुळीत फळीवर पटाशीनं ओरखडे काढायला घेतले. सकीना चहा घेऊन आली आणि हसू लागली.

"अजी, तुम्ही ओरखडेसुद्धा गुण्यानं मापून काढता. बघा, कंगव्याचे दात."

खरंच सगळे ओरखडे एका रेषेत, एका अंतरावर होते. त्यानं पटाशी खाली ठेवली. "माझ्या हातून वाईट काम होत नाही. काय करू?"

"होत नाही?" सकीनानं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "माझी भांड्यांची मांडणी कोणी केली मग? अकरा वर्षं ऐकतेय, उद्या रंधा फिरवतो, उद्या फिरवतो. या बोटांत किती कुसळं गेली, मोजली आहेत का? गावाला सागवान आणि घरात सालीची फळी."

असलमभाईनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. दोन आडव्या फळ्या. साल तशीच, करवतीच्या दातांचे वळ तसेच, अकरा वर्षांच्या धुरानं काळपट झालेल्या. पॉलिशचा वास नाही, फोडणीचाही आता राहिलेला नाही. नुसतं जुनं लाकूड. तो उठला आणि भांडी खाली ठेवू लागला.

"हे काय?"

"घराला जिना लावतोय."

मग सकीनानंच पातेल्यांची चळत उचलली. "नवी करून द्याल ना मला?"

"आधी तुझी करतो."

"नाही," ती म्हणाली. "आधी त्यांची. त्यांचा माघ जवळ आलाय."

दुसरी पेटी दुपारपर्यंत तयार झाली. तिरकी, काळी, एका बाजूला साल लोंबलेली. सायकलवरून नेताना असलमभाईनं तिच्यावर पोतं टाकलं होतं, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. कडुनिंबाच्या मागच्या फांदीला, तारेकडे तोंड करून ती टांगली. जुनी पेटी उतरवली. अक्कानं तिच्यात बियाणं ठेवलं.

पहिल्या आठवड्यात साळुंक्या येऊन गेल्या. मग काहीच दिसेना. असलमभाईनं बागेत जाणं बंद केलं. "मी बघत बसलो की त्यांचं ठरत नाही," तो म्हणाला आणि सकीनाची नवी मांडणी घासत बसला. माघ सरला. फाल्गुन सरला. सकीनानं नव्या मांडणीवर पातेली लावली. ती इतकी गुळगुळीत होती की झाकण्या घसरून खाली यायच्या.

चैत्रात एका संध्याकाळी अक्काचा फोन आला. "असलम, सकीनाले लई ये. शिडी आनू नको."

दोघं गेली. अक्का विहिरीच्या कठड्यावर बसली होती, ओठांवर बोट. कडुनिंबाखाली गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. तारेवर नर एकटाच होता, चोचीत नाकतोडा. तो पेटीच्या दाराशी येऊन बसला, पण आत गेला नाही. वाट पाहत राहिला.

आतून आवाज आला. खर्र. थांबला. पुन्हा खर्र, जरा वरून. काहीतरी खाली घसरलं, आणि पुन्हा तळापासून सुरुवात झाली.

सकीनानं असलमभाईच्या बाहीला धरलं. पातेलं ओढताना अकरा वर्षं रोज ऐकलेला आवाज होता तो.

"माझी मांडणी," ती कुजबुजली.

असलमभाईनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती आणि नखं वर येताना ऐकत होता, एकेक पायरी.