शंभर ग्रॅममधली तूट

मित्रांनो, हात मागे घ्या. मला बोट लावायचे नाही. बोटांना घाम असतो, घामात मीठ असते आणि ते मीठ मला खाते. लांबून ऐका. मी एक जुने पितळी वजन आहे, शंभर ग्रॅमचे. चिकलठाण्याच्या पुढे, जालना रोडला लागून असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी राहते. माझा स्वभाव तुम्हाला गोड वाटणार नाही. तो तसा का झाला, ते सांगते.

दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात पितळेच्या सळईतून मला कातले. घासले, तोलले, पुन्हा घासले. शंभर पूर्ण भरल्यावर अंगावर लाखेचा पातळ, पारदर्शक थर दिला. तोच माझा कपडा. मग लाकडी पेटीतल्या मखमलीत, पन्नास आणि वीस ग्रॅमच्या भावंडांशेजारी, माझा खळगा ठरला. तेव्हापासून किती मुलांनी मला चिमट्याने उचलून तराजूत ठेवले असेल! तराजूचा काटा मधोमध थांबला की मुले हळूच श्वास सोडत. माझ्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. मला त्याचा गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता.

आता कडुबाबद्दल. तो गंगापूरकडचा. आमच्या प्रयोगशाळेत परिचर, म्हणजे साहित्य मांडणे, पुसणे आणि परत कपाटात लावणे हे त्याचे काम. पण तो टेरिटोरियल आर्मीतला जवानही होता. आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे लष्कराच्या कॅम्पला जाणाऱ्यांची ही सेना. सव्वीस जानेवारीला संस्थेला त्याचा फार अभिमान वाटे. संस्थेचे सचिव आप्पासाहेब त्याला गणवेशात झेंड्याजवळ उभे करत, फोटो काढून घेत आणि तो माहितीपत्रकात छापत. सत्तावीस तारखेपासून तोच कडुबा त्यांच्या डोळ्यांत खुपू लागे.

प्रयोगशाळेतही त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. तो नसला की त्याचे काम दुसरे परिचर बद्रीनाथ यांच्यावर पडे, आणि तो राग ते वर्षभर साठवून ठेवत.

"आले का जनरलसाहेब?" तो कॅम्पहून परतला की ते म्हणत. "सीमा सोडून इकडं कुठं? आमच्या लंबकावर हल्ला व्हणार हाय का?"

"बद्रीनाथभाऊ, कॅम्प म्हंजे काय सासुरवाडी हाय का? बोलावलं की जावंच लागतं."

"सासुरवाडीहून माणूस चार दिवसात परततो. तू तर घरजावई झाला तिथं!"

शिकवणाऱ्या विशाखा मॅडम शांत, पण त्यांचे शब्दही बोचत. "कडुबा, देशाची सेवा तुम्ही करता आणि टेबलं मी पुसते," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. कडुबा खाली मान घालून हसला होता. ते हसू मला मुळीच आवडले नव्हते.

यंदा त्याचा कॅम्प बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर आला. बद्रीनाथांनी ठरवूनच फडके हातात घेतले नाही. "त्याचं काम त्यानंच करावं," एवढेच म्हणत राहिले. टेबलांवर धुळीचा थर बसला, तराजूच्या काचेच्या पेटीवर कोळ्याने जाळे विणले. परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सकाळीच कडुबा परतला. त्याने दारातून सगळे पाहिले, कुणाला काही विचारले नाही आणि बाह्या वर केल्या.

दुपारपर्यंत प्रयोगशाळा ओळखू येईना. फरशी, काचा, नळ, दाराची कडी, सगळे लखलखत होते. मग त्याने आमची पेटी उघडली. खिशातून पितळ चमकवायच्या पॉलिशचा डबा काढला. कॅम्पात पट्ट्याचे बक्कल ज्याने घासतात, तोच. बोट त्याने लावले नाही, एवढे खरे. ते बंधन त्याला ठाऊक होते. त्याने मला फडक्यात धरले आणि घासायला लागला.

मित्रांनो, कुणी प्रेमाने तुमची कातडी सोलली, तर वेदना कमी होत नाही. आधी माझी लाख गेली. मग काळसर डाग गेले. मग डागांखालचे मी जाऊ लागले. तो शीळ घालत होता. मी त्या शिळेचा अजून द्वेष करते.

"बघा मॅडम!" विशाखा मॅडम आत येताच त्याने मला फडक्यावर पुढे धरले. "आरशावानी!"

मॅडम जागीच थांबल्या. "कडुबा, हे काय केलंत?"

"साफ केलं की. कॅम्पात पितळंत तोंड दिसलं नाय तर शिक्षा असते."

"अहो, ही वजनं आहेत!"

"व्हय, वजनंच. लई काळी पडली व्हती."

मॅडमनी खुर्ची ओढली. कपाटातली, कधीच न वापरलेली प्रमाण वजने काढली आणि आम्हा भावंडांना एकेक करून त्यांच्याशी ताडून पाहिले. बाकीच्यांवर त्याचा हात थोडा हलका पडला होता. माझ्यावर मात्र जीव लावून घासले होते. काटा सरकला आणि सरकलेलाच राहिला. मला खोटे बोलता येत नाही. मी हलके झाले होते.

बद्रीनाथ तोवर कार्यालयात पोचले होते. येताना आप्पासाहेबांना घेऊनच आले. दाराबाहेरचे आप्पासाहेबांचे बोलणे मला ऐकू आले.

"कॅम्पला जातो म्हणून काढायला कायदा आडवा येत होता. आता सामान खराब केलं म्हणून काढायला कोण आडवं येतंय?"

आत येऊन त्यांनी विचारले, "मॅडम, वजन कमी झालं का नाय, एवढंच सांगा."

"पन्नास मिलिग्रॅमनं कमी झालंय, सर."

"म्हणजे किती?"

"ज्वारीचे दोन दाणे धरा. पण हे दुरुस्त होतं. मी आत्ता इथंच..."

"दुरुस्तीचं विचारलं का मी?"

मॅडम गप्प झाल्या. त्यांच्या जागी कुणीही गप्प झाले असते, असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

आप्पासाहेब कडुबाकडे वळले. "दोन डगरींवर पाय ठेवून चालायचं नाय. तिकडचं सोडतो म्हणून सांग, नायतर उद्यापासून येऊ नको."

कडुबाच्या हातात अजून ते फडके होते. तो म्हणाला, "सर, तिकडं चुकलो तर पाठीवर ओझं देऊन मैदानाच्या चकरा मारायला लावतेत. लई राग येतो. पण चकरा झाल्या की परत रांगेत घेतेत. इथं चक्कर नाय न् काय नाय, थेट रांगेतनंच काढायलेत. मग सोडू कोणतं, ते तुमीच सांगा."

"जा मग तिकडंच," आप्पासाहेब म्हणाले.

कडुबाने फडक्याची घडी केली, ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तो गेला. बद्रीनाथ दारातून बाजूला झाले, पण या वेळी त्यांना काही चेष्टा सुचली नाही.

त्यानंतर विशाखा मॅडमनी माझ्या डोक्यावरची मूठ फिरवून काढली. मित्रांनो, तिच्या खाली एक छोटी पोकळी असते. कारखान्यात ती अशाच प्रसंगासाठी ठेवलेली असते. मॅडमनी कथलाच्या पातळ पत्र्याचा तुकडा कापून आत टाकला. तोलले, कात्रीने कोपरा उडवला, पुन्हा तोलले. काटा मधोमध आला. हे करायला बसताना आणलेला त्यांचा चहा अजून गरम होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. चकचकीत टेबलांवरून नजर फिरवून म्हणाले, "प्रयोगशाळा छान ठेवली आहे."

"आमचं नेहमीचंच हाय साहेब," बद्रीनाथ म्हणाले. विशाखा मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या.

कडुबावर माझा राग आहे आणि तो राहील. घासून गेलेले माझे अंग परत येणार नाही, पोकळीतले ते कथील मला परकेच वाटते. पण त्या दिवशी त्या खोलीत तूट दोघांत निघाली होती. माझी भरून काढली. त्याची भरता येते का, हे कुणी बघितलेसुद्धा नाही.

तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी कुणाच्या चुका मोजायला बसाल. मोजा. नीट मोजा, ज्वारीचा एक दाणाही सोडू नका. पण तूट कळली की लगेच उठू नका. ती भरायला काय लागेल, तेही शोधा. तेवढे न शोधता जो उठतो, त्याच्या हातात मला देऊ नका.