पीस हातात असताना

डेलिया हूकिमॉने सगळं जमवून आणलं होतं. सभागृहात गोलाकार सोळा खुर्च्या, चाळीस माणसांना पुरेल एवढी कॉफी, मूस हरणाच्या मटणाचा भलामोठा टोप, वर बॅनकच्या जाड भाकऱ्या. चुकली ती फक्त तारीख. रानहंस काही पंचवीस एप्रिलच्या आत येत नाहीत, असं धरून तिने बावीस तारीख कळवली होती. जेम्स उपसागराच्या काठी जन्मलेल्या बाईने रानहंसांच्या वतीने शब्द द्यावा, म्हणजे कमालच झाली! दक्षिणेचा वारा सुटला, सकाळी सातला पहिला थवा ओरडत गावावरून गेला, आणि आठ वाजेपर्यंत अख्खं वाबुनकी गाव शिकारीला जाऊन रिकामं झालं. सरपंच गेला, मास्तर गेला, शाळा गेली. दुकानदाराने दाराला कुलूपसुद्धा घातलं नव्हतं.

आणि दहाच्या विमानाने सरकारी बाई उतरल्या.

जोआन प्रिचर्ड त्यांचं नाव. गावाच्या न्यायाच्या रिंगणाला, म्हणजे गोल बसून गुन्ह्याचा निवाडा करणाऱ्या सभेला, पुढची तीन वर्षं पैसा द्यायचा की नाही, हे त्यांच्या शिफारशीवर होतं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: चालू रिंगण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शिफारस नाही. परतीचं विमान तीनला.

बाईंनी सोळा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "लोक उशिरा येतात का?"

"आज येणारच नाहीत," डेलिया म्हणाली. खोटं बोलायला वेळच नव्हता. "रानहंस आले."

"मग आजचं प्रकरण?"

आजचं प्रकरण म्हणजे डेलियाचा सख्खा धाकटा भाऊ, लिओपोल्ड. चौतीस वर्षांचा घोडा. नोव्हेंबरात पिऊन त्याने एफ्रेम म्हाताऱ्याची बर्फगाडी पळवली आणि कोवळ्या बर्फावरून नदीत घातली. तो वाचला, गाडी तळाला गेली. महिन्यातून एकदा विमानाने येणाऱ्या न्यायाधीशाने ते प्रकरण रिंगणाकडे दिलं होतं. रिंगण बंद पडलं तर ते परत कोर्टात, आणि लिओ हजार किलोमीटर दक्षिणेला तुरुंगात. तिकडून गावात परतलेले किती, ते डेलियाला नावानिशी माहीत होतं. 

"एफ्रेमला गाठू. माझ्या मागे बसा," ती म्हणाली. "घट्ट धरा."

बर्फगाडी गोठलेल्या नदीवरून सुसाट निघाली. वर आभाळ ओरडत होतं, खाली बर्फावर साचलेल्या पाण्याचे फवारे उडत होते, आणि भीतीने अर्धमेली झालेली डेलिया त्याच वेळी आनंदाने ओरडत होती. काय करणार, वर्षातून एकदा येणारा हा आवाज! मागे बाई काहीतरी किंचाळल्या. ते घाबरून होतं की खुशीने, ते काही कळलं नाही.

एफ्रेमचा शिकारीचा आडोसा दलदलीच्या कडेला होता: कमरेइतकी बर्फाची भिंत, खाली स्प्रूस झाडाच्या फांद्या. त्याच्यामागे पांढऱ्या चादरी पांघरून दोन माणसं बसली होती. एक एफ्रेम, ज्याला अख्खं गाव मुशुम, म्हणजे आजोबा, म्हणत असे. आणि दुसरा... लिओ!

"तू इथे कसा?" डेलियाचा आवाज चढला. "त्यांच्याजवळ?"

"पहाटे दारात येऊन उभे राहिले, ताई. म्हणाले, माझी गाडी तू बुडवलीस, आता मला रानहंसांकडे कोण नेणार? ऊठ."

"डोळ्यांनी मला धड दिसत नाही, याला हंसांना हाक घालता येत नाही," मुशुम म्हणाला. "मी बोलावतो, हा मारतो. दोघांत मिळून एक शिकारी होतो. ही बाई कोण? एवढा लाल कोट? खाली बसव तिला, अख्ख्या उपसागराला दिसतेय!"

बाई निमूटपणे ओल्या फांद्यांवर बसल्या. डेलियाने त्यांच्यावर चादर टाकली आणि मुशुमला सगळं सांगितलं, एका दमात, पत्रापासून तीनच्या विमानापर्यंत.

"एवढंच ना? चौघं आहोत. रिंगण व्हायला किती माणसं लागतात?" मुशुमने कोटाच्या आतल्या खिशातून लाल कापडात गुंडाळलेलं गरुडाचं पीस काढलं. "बाई, नियम एकच. पीस ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी काहीही करायचं नाही. ऐकायचं."

तो आधी बोलला. गाडी जुनी होती, म्हणाला. पण त्याची बायको चौदा वर्षं त्याच गाडीवर त्याच्या मागे बसली होती, आणि ती गेल्यावरही सीटला तिच्या बसण्याचा खोलगा राहिला होता. नोव्हेंबरपासून त्याला तो खोलगा आठवतो. एवढं बोलून त्याने पीस लिओच्या हातात दिलं.

लिओ गप्प. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे डेलियाने पाहिलं.

आणि तेवढ्यात दक्षिणेकडून ते आले. चाळीस असतील, पन्नास असतील, आणि इतके खाली की पंखांचा वारा चादरींना लागला. असा थवा दहा वर्षांत एखादाच! डेलियाचे हात शिवशिवले. मुशुमची बंदूक त्याच्या मांडीवर होती, लिओची गुडघ्याशी. मुशुमने जिभेवर आलेली हाक गिळली. कोणी हललं नाही. थवा डोक्यावरून गेला, सगळाच्या सगळा, आणि उत्तरेला लहान होत दिसेनासा झाला.

लिओने पीस छातीशी धरलं.

"मला वाटलं होतं, आता तरी तुम्ही हाक घालाल," तो म्हणाला, आणि रडू लागला. "मुशुम, माझ्यासाठी तुम्ही तो थवा जाऊ दिलात. मला ठाऊक नव्हतं तो खोलगा. मी गाडी परत नाही आणू शकत. पण जिथे म्हणाल तिथे नेईन. दर वसंतात, दर शरदात. आणि दारू नाही. पाच महिने झाले, एक थेंब नाही."

पीस डेलियाकडे आलं. ती एवढंच म्हणाली, "हा माझा भाऊ आहे. याला इथेच राहू द्या." तिने पीस बाईंच्या हातात दिलं.

बाईंची टोपी कानावर घसरली होती, नाक लालबुंद. 

"मी यादी घेऊन आले होते," त्या म्हणाल्या. "किती खुर्च्या, किती हजर, किती तास. शिफारशीत मात्र मी त्या थव्याबद्दल लिहिणार. शिफारस पूर्ण तीन वर्षांची. वर कोणी आडवा आला तर त्याला मी इथे आणून बसवीन." मग त्या थांबल्या. "आणि विमानाला कोणी तरी सांगा, मी उद्या जाते."

डेलियाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर तिच्या आरोळीने मैलभरातला पक्षी पळाला असता. मुशुमने पीस घेतलं, कापडात गुंडाळून खिशात ठेवलं, आणि कान टवकारले.

"येतायत," तो कुजबुजला. "लिओ, बंदूक!"

सगळ्यांच्या आधी बाई चादर ओढून आडव्या झाल्या होत्या.