पालथीबाई

"अहो बाई, किटलीच हवी ना? मग खुर्च्यांमागे काय शोधताय?"

गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, पण उत्तर द्यायला तिला फुरसत कुठली! ती गुडघ्यांवर बसून अगदी खालच्या फळीवरची भांडी खडखडत बाहेर काढत होती. सकाळपासून दुकानामागून दुकान धुंडाळणं चाललं होतं. लोकांनी देऊन टाकलेलं जुनं सामान अशा दुकानांत स्वस्तात मिळायचं. ती ते उचलून, घासूनपुसून, फोटो काढून ऑनलाइन चांगल्या भावाने विकायची. धंद्यातले सगळे तिला पालथीबाई म्हणत. बशी दिसली की कर पालथी, दिवा दिसला की कर पालथा. बुडावरचा कारखान्याचा छाप चांगला असला की पिशवीत, नसला की परत फळीवर. वरची नक्षी बघत बसणारा उपाशी मरतो, असं तिचं ठाम मत होतं.

आज मात्र ती एकेक किटली सरळ धरून, डोळ्यांपाशी नेऊन बघत होती.

फोन वाजला. ताई.

"सापडली का गं?"

"सापडली असती तर इथे झक मारत बसले असते का?"

"माझ्यावर डाफरू नकोस हां! आई गेल्यापासून मी कानीकपाळी ओरडतेय, तुझी किटली घेऊन जा, घेऊन जा. तू येशील तर शपथ! घर बदलायच्या गडबडीत नको असलेली खोकी देऊन टाकली, त्यात तीही गेली. मी काय मुद्दाम केलं?"

"बरं, ठेव आता."

ताईचं चुकलं असं तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? आईच्या मागे तिने काही मागितलं नव्हतं. दागिने ताईला, कपाट ताईला. "मला तेवढी किटली ठेव," एवढंच ती म्हणाली होती. दुपारी शाळेतून आलं की आई त्या किटलीतला अर्धा कप चहा तिच्यासाठी ओतायची, अर्धा स्वतःला. तेवढा वेळ घरात दोघीच. ही किटली आणायला ती कितीदा तरी निघाली होती. पण वाटेत जुन्या सामानाची दुकानं लागायची, पाय तिकडे वळायचे, आणि संध्याकाळी दोन पिशव्या भरून ती स्वतःच्याच घरी परतायची.

"काका, निळ्या फुलांची होती हो. दांडा तुटलेला, बाबांनी काळ्या गोंदाने चिकटवलेला. नीट आठवा ना!"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "काळा सांधा? अहो, ती तर तुम्हीच नेलीत!"

"मी?"

"मग काय भुताने? गेल्या महिन्यात मी खोकं उघडतोय न उघडतोय तोच तुम्ही हात घातलात. केली पालथी, टाकली पिशवीत. मी म्हटलंसुद्धा, बाई, दांडा जोडलेला आहे. तर म्हणालात, छाप चांगला आहे, द्या."

तिने घाईघाईने फोनमध्ये विकलेल्या वस्तू उघडल्या. आईची किटली तिथे होती. खिडकीच्या उजेडात तिनेच काढलेला फोटो, आणि खाली तिनेच लिहिलेलं: दांडा जोडलेला, काम ओबडधोबड, म्हणून किंमत कमी. बाबांचं काम, ओबडधोबड! तिला स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटल्या.

लगेच तिने घेणारीला मेसेज केला. पैसे दुप्पट देते, न्यायला मीच येते.

उत्तर आलं: "आता जास्त भाव मिळतोय वाटतं? आम्ही नाही देणार."

"ती माझ्या आईची आहे," तिने लिहिलं. मग दुकानात येरझाऱ्या घातल्या. एक कप उचलला, ठेवला. काकांना उगाच काहीबाही विचारलं. जिवाला चैन म्हणून नव्हतं.

बऱ्याच वेळाने मेसेज आला. "माफ करा, मला कल्पना नव्हती. सासूबाई गेल्यापासून सासरे कुणाशी बोलेनासे झाले होते. ही किटली आली तेव्हापासून रोज दुपारी माझ्याबरोबर चहाला बसतात. पण तुमच्या आईची आहे, तर तुमचाच हक्क. कधीही या, देते."

तिने मेसेज मोठ्याने वाचला. "देतायत?" काका आनंदले. "मग उभ्या काय राहिलात! पळा!"

ती पिशवी खांद्याला अडकवून दारापर्यंत गेलीसुद्धा. मग थबकली. आणून करणार काय होती ती? तिच्या घरी दुपारी असतं कोण? ती स्वतःसुद्धा नसते. तिने लिहिलं: "राहू द्या तुमच्याकडेच. फक्त ओतताना झाकणावर बोट ठेवा, निसटतं ते. आई ठेवायची."

"हो, पहिल्याच दिवशी कळलं," उत्तर आलं. "मी ओतते, सासरे बोट ठेवतात."

"काय झालं बाई? मिळाली का?"

"मिळाली, काका," ती म्हणाली. "चांगल्या घरी पडली."

बाहेरून कुणीतरी आत येऊ पाहत होतं, काका बाजूला व्हा म्हणत होते. ती मात्र दारात तशीच उभी होती.